मोरीतल्या माशीचा वंशवृक्ष

बाथरूमच्या फरशीवर किंवा मोरीच्या जाळीजवळ एक करडी, केसाळ माशी चिकटून बसलेली असते. लांबी जेमतेम चार-पाच मिलिमीटर, पंख पतंगासारखे पसरलेले, त्यांच्या कडेला पांढरे ठिपके. बोट लावलं तर ती फार दूर उडत नाही. मात्र बोटावर तिच्या अंगावरची करडी भुकटी राहते. तिचं शास्त्रीय नाव क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. १८९३ साली विलिस्टन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने तिचं पहिलं वर्णन केलं. ती चावत नाही. तिच्या अळ्या सांडपाण्याच्या नळीत साचलेल्या बुळबुळीत थरावर वाढतात. बहुतेक घरांत तांब्याभर गरम पाणी ओतून तिचा विषय संपवला जातो.

पुण्यातल्या एका संशोधिकेने आपली उमेदीची वर्षं या माशीला आणि तिच्या भाऊबंदांना दिली आहेत. कीटकांचं वर्गीकरण हे तिचं क्षेत्र आणि माश्यांच्या सायकोडिडी या कुळातली नाती डीएनएच्या मदतीने शोधणं हे तिचं काम. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक विचारतात, "अगं, पण मोरीतल्या माशीवर कसली पीएचडी?" ती चिडत नाही. उलट, कोणी विचारलं की तिला बरंच वाटतं, कारण उत्तर द्यायला जागा मिळते आणि उत्तर दमदार आहे.

सायकोडिडी कुळात जगभर मिळून तीन हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे आणि आज जिवंत असलेली त्याची सहा उपकुळं मानली जातात. मोरीतली माशी त्यांपैकी सायकोडिनी या सर्वांत मोठ्या उपकुळातली. दुसरं मोठं उपकुळ फ्लेबोटोमिनी, म्हणजे वाळूमाश्या. आरोग्यखात्याच्या भाषेत सँडफ्लाय. दोन-तीन मिलिमीटरचा, पिवळट, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे धरून बसणारा हा कीटक मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरतो. रक्त पिते ती फक्त मादी. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या भोगलेला काळा आजार ह्याच माशीच्या चाव्यातून पसरतो. एकाच कुळातली एक शाखा निरुपद्रवी आणि दुसरी जीवघेणी. हा फरक कधी पडला, कसा पडला आणि मधल्या शाखांची गोष्ट काय, ह्याचा शोध घ्यायचा तर आधी वंशवृक्ष नीट मांडावा लागतो.

महाराष्ट्राचा ह्या कुळाशी संबंध तर नकाशावरच आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला. गावाचं नाव त्या विषाणूला मिळालं. १९७० साली विजय धांडा आणि सहकाऱ्यांनी तोच विषाणू महाराष्ट्रातल्या वाळूमाश्यांतून वेगळा केल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात लहान मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. नोंदलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ मुलं दगावली आणि तपासात चांदीपुरा विषाणूच पुढे आला. हे आकडे ती प्रत्येक व्याख्यानात सांगते, कारण त्यानंतर माशीचं नाव बरोबर असण्याचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही.

तिची सुरुवात मात्र डीएनएपासून झाली नाही. सुरुवात झाली ती काचपट्ट्यांपासून. ज्यांच्या हाताखाली ती शिकली त्या सरांचा नियम साधा होता: मायक्रोस्कोपखाली माशी ओळखता येत नाही तोवर पिपेट हातात घ्यायचं नाही. तेव्हा तिला हे जाचक वाटे. बरोबरीच्या मैत्रिणी जेलचे फोटो दाखवत आणि ही सुईच्या टोकाने माशीचं डोकं धडापासून वेगळं करायला शिकत होती. पंखांच्या शिरा मोजायच्या, मिशांच्या प्रत्येक मण्यावरचे पारदर्शक संवेदी तंतू शोधायचे, नराची जननेंद्रियं सरळ करून कॅनडा बाल्समच्या थेंबात ठेवायची. वाळूमाशीच्या मादीत तर पोटातली शुक्रकोशिका आणि घशातले बारीक दात पाहिल्याशिवाय प्रजाती ठरत नाही. एका चांगल्या स्लाइडमागे सबंध दुपार जाई.

त्या काचपट्ट्यांनी तिला आपल्याच देशातल्या जुन्या कामाशी जोडून दिलं. काळा आजार पसरवणारी फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस ही प्रजाती १९०८ साली ॲनंडेल आणि ब्रुनेटी यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. नेल्सन ॲनंडेल यांनी १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था उभी केली. एन्रिको ब्रुनेटी पेशाने वादक, पण माश्यांचे इतके जाणकार की ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसंपदेच्या ग्रंथमालेत माश्यांवरचा १९१२चा खंड त्यांनी लिहिला. त्यानंतर भारतातल्या वाळूमाश्यांची छाननी केली ती लष्करी डॉक्टर जॉन सिंटन यांनी. पहिल्या महायुद्धात त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता आणि पुढे ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ॲनंडेल आणि ब्रुनेटी यांनी नाव दिलेल्या माशीच्या चाव्यातून माणसाला काळा आजार होतो, हे स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली स्वयंसेवकांवरच्या प्रयोगातून दाखवून दिलं. माशीला नाव मिळाल्यापासून तिचा रोगाशी असलेला संबंध पक्का होईपर्यंत ३४ वर्षं गेली. नाव आधीच चोख दिलेलं होतं, म्हणून निदान कोणत्या माशीबद्दल बोलतो आहोत, यावर वाद राहिला नाही.

आणखी एक नाव तिला विशेष प्रिय आहे: होरायेला. १९३३ साली टॉनॉयर या बेल्जियन कीटकशास्त्रज्ञाने इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात भारतातल्या काही विलक्षण सायकोडिडी माश्यांचं वर्णन केलं. त्यांपैकी एका गटाला त्यांनी सुंदरलाल होरा यांचं नाव दिलं. होरा हे डोंगरी ओढ्यांतल्या माशांचे मोठे अभ्यासक, वाहत्या पाण्यात प्राणी खडकाला कसे चिकटून राहतात हा त्यांचा ध्यास. त्याच लेखात टॉनॉयर यांनी माश्यांच्या अळ्यांच्या पोटावरचे चूषक कसे उत्क्रांत झाले असतील, ह्याची उपपत्ती मांडली. पुढे होरायेलासाठी स्वतंत्र उपकुळच मानलं गेलं. सहा उपकुळांपैकी एकाचं नाव एका भारतीय शास्त्रज्ञावरून आहे आणि आपल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसतं, याची तिला मनापासून खंत वाटते.

मग डीएनए कशासाठी? रूपावरून जे कळत नाही ते बरंच आहे म्हणून. ह्या माश्यांची ओळख ज्या केसांवर आणि खवल्यांवर असते, ते अल्कोहोलमध्ये पडल्या पडल्या गळून जातात. माद्या एकमेकींसारख्या दिसतात. अळी एकीकडे सापडते, पंख फुटलेली माशी दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच प्रजातीच्या आहेत हे पाहून सांगता येत नाही. शिवाय सारखी परिस्थिती दोन वेगळ्या शाखांना सारखं रूप देऊ शकते. वेगवान पाण्यात राहणाऱ्या अळ्यांना चूषक एकदाच फुटले आणि वारशाने पुढे गेले, की निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे फुटले? नुसत्या चूषकांकडे पाहून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी चूषकांशी संबंध नसलेला दुसरा पुरावा हवा.

तो पुरावा गोळा करायचा तर गोठ्यात आणि ओढ्यात जावं लागतं. वाळूमाश्यांसाठी ती विदर्भातल्या गावांत जाते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गुरांचा गोठा, शेणामुतात भिजलेली ओलसर जमीन ही त्यांची घरं. संध्याकाळी गोठ्याच्या आढ्याला प्रकाशसापळा टांगायचा, भिंतीशी एरंडेल लावलेले कागद उभे करायचे आणि पहाटे टॉर्चच्या उजेडात भिंतीवर बसलेल्या माश्या नळीने अलगद ओढून घ्यायच्या. नळीत बारीक जाळी आणि गाळणी असते, नाहीतर माशी थेट घशात.

नागपूर जिल्ह्यातल्या एका गावात गोठ्याची मालकीण आजी दाराशी उभी राहून बराच वेळ पाहत होती. शेवटी तिने विचारलंच, "काय पकडून राहिली वं पोरी?"

"आजी, वाळूमाशी. हिच्यामुळे लहान लेकरांना ताप येतो."

"आमी त चिलट म्हणतो इले. ढोराले चावते, माणसाले चावते, पन आवाज नाही करत," आजी म्हणाली, आणि मग कोणत्या भिंतीपाशी ती जास्त असते, पावसाची झड लागली की ती कुठे जाते, हे सगळं तिने दाखवून दिलं. ह्या सूचना पुस्तकात नव्हत्या आणि त्या खऱ्या निघाल्या. तेव्हापासून सापळा लावण्याआधी घरच्या बाईशी बोलायचं, हा तिचा शिरस्ता झाला आहे.

मोरीतल्या माशीचे रानातले भाऊबंद शोधायला सह्याद्रीत जावं लागतं. पावसाळा ओसरला की ओढ्याकाठच्या शेवाळात, कुजक्या पानांच्या थरात, झिरपणाऱ्या कातळावर त्यांच्या अळ्या असतात. ओलं शेवाळ पांढऱ्या ट्रेमध्ये पिळायचं आणि त्यात काय वळवळतं ते पाहायचं. सापडलेला प्रत्येक जीव लगेच ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये जातो. फॉर्मॅलिन इथे वर्ज्य, कारण त्यात शरीर टिकतं पण डीएनए खराब होतो. प्रत्येक कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: गाव, उंची, तारीख, कशात सापडली, कोणी पकडली. चिठ्ठी आतच हवी, कारण बाहेरचं शाईचं लेबल अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसलं जातं.

प्रयोगशाळेतली पहिली अडचण आकाराची. दोन मिलिमीटरच्या माशीतून डीएनए काढण्याची जुनी रीत म्हणजे ती चिरडणं. पण चिरडली की ती कोणती माशी होती, हे तपासायला काहीच उरत नाही. म्हणून आता माशी अख्खीच प्रोटिनेज-के ह्या विकराच्या द्रावणात टाकतात आणि रात्रभर ५६ अंश सेल्सिअसला ठेवतात. विकर आतल्या पेशी विरघळवून टाकतं, कवच शाबूत राहतं. सकाळी द्रावणात डीएनए असतो आणि तळाशी माशीचा पारदर्शक सांगाडा, ज्यात शुक्रकोशिका आणि घशातले दात आधीपेक्षा स्वच्छ दिसतात. त्याची स्लाइड करून तिच्यावर डीएनएच्या कुपीचाच क्रमांक घालतात. सरांचा काचपट्ट्यांचा हट्ट किती दूरदृष्टीचा होता, हे तिला इथे पटलं. स्लाइड आणि सिक्वेन्स एकाच प्राण्याचे असल्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनाशी आजचा डीएनए जोडता येतो.

मग पीसीआर. डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटतील असे दोन लहान प्रायमर घालायचे आणि तापवणं, थंड करणं, पुन्हा तापवणं ह्या फेऱ्यांतून त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती करायच्या. सर्वाधिक वापरला जातो तो सीओआय जनुकाचा तुकडा. हे जनुक पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये असतं आणि प्रत्येक पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात, त्यामुळे इवल्याशा माशीतूनही ते मिळतं. १९९४ साली फोल्मर आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी दिलेले प्रायमर आजही चालतात. २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांच्या प्रजाती ओळखण्यासाठी हाच तुकडा बारकोड म्हणून वापरावा, असं सुचवलं. त्याची नेहमीची लांबी ६५८ अक्षरं. ए, टी, जी, सी ह्या चार अक्षरांतली ही ६५८ अक्षरांची ओळ म्हणजे तिच्या रोजच्या कामाचा कच्चा माल.

ह्या बारकोडने तिला सर्वांत मोठा आनंद दिला तो ताम्हिणीच्या बाजूच्या एका ओढ्यावर. शेवाळात सापडलेली चपटी, काळसर अळी कोणाची, हे कुठल्याही पुस्तकावरून ठरत नव्हतं. त्याच काठावर प्रकाशसापळ्यात आलेली एक माशी वेगळ्या कुपीत होती. दोन्हींचे सिक्वेन्स एकाखाली एक मांडले तेव्हा ते अक्षराला अक्षर जुळले. अळी आणि माशी, एकाच प्रजातीच्या आयुष्याचे दोन टप्पे, पहिल्यांदाच एका नावाखाली आले होते. तिने लगेच सरांना फोन केला. सरांचा पहिला प्रश्न, "स्लाइड केलीस का?" केली होती.

बारकोडला मर्यादा आहेत आणि त्या ओळखणं हाच खरा अभ्यास. कीटकांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्याकडेही स्वतःचं सीओआय जनुक असतं. कधीकधी प्रायमर माशीऐवजी जिवाणूचंच जनुक उचलतात. कागदावर सिक्वेन्स स्वच्छ दिसतो, पण तो माशीचा नसतोच. म्हणून प्रत्येक सिक्वेन्स आधी जागतिक माहितीसाठ्याशी ताडून पाहायचा, मगच वंशवृक्षात घ्यायचा. कधी मायटोकाँड्रियाच्या जनुकाची जुनी, निकामी प्रत पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेली असते आणि तीच वाढते. तिच्यात मध्येच वाचन थांबवणारी अक्षरं सापडतात. त्यामुळे अक्षरांचं प्रथिनात रूपांतर करून पाहणं हे तिच्या दिनक्रमातलं न चुकणारं काम आहे.

मर्यादा असल्या तरी प्रजातींच्या पातळीवर हा पुरावा किती उपयोगी पडतो, ह्याची उदाहरणं ह्याच कुळात आहेत. पुदुचेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने २०१२ साली भारतातल्या वाळूमाश्यांचे बारकोड प्रसिद्ध केले, आणि आज देशात कुठेही सापडलेली वाळूमाशी त्यांच्याशी ताडून पाहता येते. फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस ही एकच प्रजाती नसून जवळच्या प्रजातींचा संच आहे, असं के. इलांगो यांनी २०१० साली बारीक शरीररचनेवरून मांडलं आणि त्यात तीन प्रजाती मानल्या. तिथे ब्राझीलमध्ये लुट्झोमाया लाँगिपाल्पिस ह्या वाळूमाशीची गोष्ट याहून नवलाची. दिसायला एकसारखे असलेले नर मादीला बोलावताना पंखांनी वेगवेगळी गाणी म्हणतात आणि वेगवेगळे गंध सोडतात. जनुकांचे पुरावेही त्यांना वेगळं करतात. रोग पसरवणारी माशी नेमकी कोणती, ती माणसाला जास्त चावते की गुरांना, फवारणी घरात करायची की गोठ्यात, हे निर्णय ह्या फरकावर अवलंबून असतात. दोन प्रजाती एक समजल्या तर औषध चुकीच्या भिंतीवर जातं.

प्रजाती ओळखणं हे एक काम, उपकुळांची नाती लावणं हे दुसरं, आणि दुसरं कितीतरी अवघड. सीओआय वेगाने बदलतं. घड्याळातल्या सेकंदकाट्याप्रमाणे ते जवळचे फरक टिपतं, पण शंभर दशलक्ष वर्षांचा हिशेब त्यावरून करता येत नाही. इतक्या काळात एकाच जागेवरचं अक्षर पुन्हा पुन्हा बदललेलं असतं आणि जुनी खूण पुसून जाते. त्यासाठी संथ बदलणारी, केंद्रकातली जनुकं लागतात. रायबोसोमचं २८एस जनुक असं एक, आणि कॅड नावाचं लांबलचक प्रथिन-जनुक दुसरं. माश्यांच्या जुन्या नात्यांसाठी कॅड उपयोगी पडतं, हे मोल्टन आणि वीगमन यांनी २००४ साली दाखवलं. त्याच मोल्टन यांनी ग्रेगरी कर्लर यांच्यासोबत २०१२ साली केंद्रकीय डीएनएच्या आधारे सायकोडिडीच्या उपकुळांची नाती मांडली आणि शरीररचनेचे सगळे जुने पुरावे त्यांच्या शेजारी ठेवून तपासले. त्याच वर्षी अनाही एस्पिंडोला आणि सहकाऱ्यांनी सायकोडिनी उपकुळाचा वंशवृक्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला.

एस्पिंडोला स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलमध्ये ह्या माश्यांकडे वळल्या त्या एका फुलामुळे. युरोपातली एरम मॅक्युलाटम ही अळूच्या कुळातली वनस्पती शेणासारखा वास सोडते. शेणात अंडी घालणाऱ्या सायकोडा माश्या त्या वासावर येतात, फुलोऱ्याच्या तळाशी रात्रभर अडकतात आणि सुटल्यावर परागकण घेऊन दुसऱ्या फुलोऱ्यात जातात. झाडाचा इतिहास समजायचा तर माशीचा इतिहास समजायला हवा, इथून तो वंशवृक्ष सुरू झाला. आपली संशोधिका हे उदाहरण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते, कारण एखाद्या माशीचा अभ्यास कोणत्या दाराने सुरू होईल हे आधी ठरवता येत नाही.

संगणकावरचं काम बाहेरून पाहणाऱ्याला निवांत वाटतं. प्रत्यक्षात सर्वांत जास्त विचार तिथेच करावा लागतो. आधी सगळ्या माश्यांचे सिक्वेन्स एकाखाली एक असे मांडायचे, की प्रत्येक रकान्यात एकाच मूळ जागेची अक्षरं येतील. २८एसमध्ये काही माश्यांत अक्षरं वाढलेली असतात, काहींत गळलेली. तिथे रकाने जुळवणं हा तासन्‌तास चालणारा निवाडा असतो. जिथे खात्री नाही तो भाग सरळ वगळायचा. मग बाहेरचा गट निवडायचा. वंशवृक्षाचं मूळ कुठे हे ठरवायला कुळाबाहेरचा, पण फार दूर नसलेला नातेवाईक लागतो. त्यासाठी टॅनिडेरिडी ह्या प्राचीन कुळातल्या माश्या घेतल्या जातात. त्यानंतर संगणक असंख्य वंशवृक्ष तपासून दिलेल्या अक्षरांना सर्वांत चांगला बसणारा वृक्ष काढतो.

तो वृक्ष पडद्यावर उमटला की तरुण विद्यार्थी हरखून जातात. ती मात्र आधी फांद्यांवरचे आकडे पाहते. १९८५ साली जोसेफ फेल्सनस्टीन यांनी सुचवलेल्या पद्धतीत तीच अक्षरं पुन्हा पुन्हा यादृच्छिक उचलून वृक्ष काढतात आणि एखादी फांदी शंभरपैकी किती वेळा उमटते ते मोजतात. ९५ आलं तर विश्वास, ४० आलं तर ती फांदी नाही असंच धरायचं. त्याच फेल्सनस्टीन यांनी १९७८ साली आणखी एक धोका दाखवला होता: ज्या शाखा फार वेगाने बदललेल्या असतात त्या नातं नसतानाही एकमेकींशेजारी येऊन बसतात, आणि जास्त डीएनए घातला तर हा भास आणखी ठाम होतो. यावर उपाय म्हणजे मधल्या फांद्यांवरच्या, दुर्लक्षित प्रजाती शोधून आणणं. म्हणजे पुन्हा रबरी बूट चढवून ओढ्यात उतरणं.

वंशवृक्ष वाचण्यातही सवय लागते. वाळूमाशी मोरीतल्या माशीपासून निघाली, असं वर्तमानपत्री वाक्य त्यातून काढता येत नाही. दोघी आजच्या आहेत. त्यांचा पूर्वज एक होता आणि तो आज नाही. तो किती जुना, ह्याची साक्ष राळेतले जीवाश्म देतात. लेबनॉनमधल्या, सुमारे साडेबारा ते तेरा कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत ह्या कुळातल्या माश्या सापडतात. शाखांनुसार वर्गीकरण करण्याची आधुनिक पद्धत ज्यांनी घडवली ते विली हेनिग माश्यांचेच अभ्यासक. १९७२ साली त्यांनी ह्या लेबनीज माश्यांवर लिहिताना संपूर्ण कुळाच्या वर्गीकरणाची फेरतपासणी केली. म्यानमारच्या सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत तर एका वाळूमाशीसोबत काळा आजार घडवणाऱ्या लीश्मानियासारखे परजीवी असल्याचं जॉर्ज आणि रोबर्टा पॉइनार यांनी २००४ साली नोंदवलं. काळ्या आजाराच्या परजीवीचे नातेवाईक आणि वाळूमाशी यांची सोबत डायनोसॉरांच्या काळाइतकी जुनी आहे.

मग रक्त पिण्याची सवय ह्या कुळात किती वेळा आली? वाळूमाश्यांखेरीज सायकोरॅसिनी उपकुळातली सायकोरॅक्स सिलेसिया ही माशी बेडकांचं रक्त पिते आणि त्यांच्यात एक धागाकृमी पसरवते. मोरीतल्या माशीच्या उपकुळात ही सवय नाही. पूर्वज रक्तपिपासू होता आणि काही शाखांनी सवय सोडली, की दोन शाखांनी ती स्वतंत्रपणे उचलली, हे उपकुळांच्या क्रमावर ठरतं. ह्या प्रश्नासाठी तिने आपला बहुतेक वेळ राखून ठेवला आहे. त्यासाठी होरायेलाचा ताजा, अल्कोहोलमधला नमुना हिमालयाच्या ओढ्यांतून मिळवणं तिला अत्यंत महत्त्वाचं वाटतं. ज्या उपकुळाला भारतीयाचं नाव आहे, त्याचा डीएनए भारतातल्या प्रयोगशाळेत वाचला जावा, ही तिची साधी इच्छा आहे.

मोरीतली माशी स्वतःही प्रयोगशाळांत मानाच्या जागी पोचली आहे. फळमाशीच्या अंड्यात डोकं कुठल्या टोकाला येणार हे बायकॉइड नावाचं जनुक ठरवतं आणि पाठ्यपुस्तकांत तेच शिकवलं जातं. पण हे जनुक माश्यांच्या बऱ्याच शाखांत नाहीच. शिकागो विद्यापीठात उर्स श्मिट-ऑट यांच्या गटाने २०१९ साली दाखवलं, की क्लॉग्मियामध्ये हे काम ऑड-पेअर्ड नावाच्या वेगळ्याच, जुन्या जनुकाची एक विशेष प्रत करते. मूलभूत वाटणारी गोष्टही उत्क्रांतीत निरनिराळ्या जनुकांकडे सोपवली गेली, हे कळलं ते बाथरूममधल्या ह्या उपेक्षित कीटकामुळे. आणि २०२३ साली वाळूमाशीच्या दोन प्रजातींचे, फ्लेबोटोमस पापाटासी आणि लुट्झोमाया लाँगिपाल्पिस यांचे, संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाले. आता तुलना काही जनुकांपुरती राहिलेली नाही.

जीनोम आले म्हणून स्लाइड करणाऱ्यांची गरज संपली, असं बैठकांतून ऐकू येतं. ती त्याला ठामपणे विरोध करते. जागतिक माहितीसाठ्यात नुसतं कुळाचं नाव लावून ठेवलेले, मागे कोणताही जपलेला नमुना नसलेले सिक्वेन्स तिने खूप चाळले आहेत. त्यांतली माशी कोणती होती हे आता कोणी सांगू शकत नाही. यंत्र अक्षरं वाचून देतं. ती अक्षरं कोणाची, हे नराची जननेंद्रियं पाहून ओळखणारा माणूसच सांगतो. अशी माणसं देशात कमी होत आहेत, आणि एक सक्षम वर्गीकरणतज्ज्ञ घडायला जितकी वर्षं लागतात तितकी वाट पाहणाऱ्या नोकऱ्या त्याहून कमी आहेत.

म्हणून तिचं मागणं महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांकडे आहे. गोठे, ओढे, गटारं प्रत्येक तालुक्यात आहेत. एक प्रकाशसापळा, थोडं अल्कोहोल, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आणि एक चांगला मायक्रोस्कोप एवढ्यावर काम सुरू होतं. सिक्वेन्स बाहेरून करून घेता येतो. पकडलेली माशी स्लाइडवर घाला, नमुना एखाद्या सार्वजनिक संग्रहात जमा करा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीलाच आहे. चांदीपुरासारख्या आजाराची पुढची साथ येईल तेव्हा आरोग्यखात्याला आपल्या जिल्ह्यातली वाळूमाशी कोणती, हे विचारायला कोणीतरी लागेल. त्याचं उत्तर तयार ठेवण्याचं काम आजच्या विद्यार्थ्यांनी आत्तापासून हाती घ्यावं.